पनीर-दही विभागातील गिअर मोटरी स्टेनलेसमध्ये : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम : दुग्धप्रकल्पाच्या ओल्या विभागातील सात गिअर मोटरी (मोटर आणि वेग कमी करणारा गिअरबॉक्स यांची जोडी) बदलणे. पाच सपाट कन्व्हेयर (क्रमांक १ ते ५ : पनीरचे साचे, दह्याचे कप), एक चढता कन्व्हेयर (पनीरचे ठोकळे कापणी यंत्राकडे नेणारा) आणि दही टाकीवरचा एक ॲजिटेटर (ढवळणी). सध्या सगळीकडे ॲल्युमिनियम बॉडीचे वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या दांड्याने चाक फिरवणारे), त्यावर एपॉक्सी रंग, आणि मागे पंखा असलेली साधी ०.७५ किलोवॅटची मोटर.

पाहणीत सापडलेले. क्रमांक १, २ आणि ४ चा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे, पापुद्रे नखाने निघतात. दोन ठिकाणी मोटर पट्ट्याच्या वरच्या बाजूला आहे, म्हणजे पापुद्रा सुटला की थेट साच्यात. रंगाखालचे ॲल्युमिनियम पांढरे आणि खरबरीत झाले आहे. कॉस्टिकचा (धुलाईच्या तीव्र अल्कलीचा) फोम ते खातो, त्यामुळे पुन्हा रंग मारला तरी टिकत नाही. पंख्याच्या जाळीत आणि बॉडीच्या फिन्समध्ये (गारव्यासाठीच्या उभ्या पात्यांमध्ये) दुधाचा वाळलेला थर आहे. वासावरून कळते की तो बरेच दिवसांचा आहे. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) अनुसूची ४ प्रमाणे उपकरणाचा पृष्ठभाग साफ करता येण्याजोगा हवा. फिन्सच्या आत ब्रश पोहोचतच नाही.

क्रमांक ३ आणि ५ चे तेल काढून पाहिले. ताकासारखे पांढरे, म्हणजे तेलात पाणी.

८ जानेवारी

तेलात पाणी कसे शिरते याचा निर्णय आधी, खरेदी नंतर. तसे न केल्यास स्टेनलेसच्या बॉडीतही तेच पांढरे तेल निघेल.

संशय पहिल्यांदा होजवर (धुण्याच्या पाण्याच्या नळीवर) जातो. होजचा वाटा आहे, पण मोठे कारण तापमानाचे आहे. शिफ्टभर चाललेल्या वर्म गिअरबॉक्सच्या आतील हवा साधारण ८० अंशांवर असते. त्यावर गार पाणी पडले की ती २० अंशांकडे येते. निरपेक्ष तापमान ३५३ वरून २९३ केल्विनवर, म्हणजे आतला दाब सुमारे १७ टक्क्यांनी घसरतो, ०.१७ बारची ओढ. ब्रीदर (गिअरबॉक्सचे हवेचे भोक) उघडा असेल तर तो फोम आत ओढतो. ब्रीदर बंद असेल तर ऑइल सीलच्या (शाफ्टभोवतीच्या रबरी कडीच्या) ओठातून पाणी आत येते, कारण तो ओठ तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेला असतो; बाहेरच्या पाण्याविरुद्ध त्याची पकड कमीच.

म्हणून मागणीपत्रकात तीन गोष्टी धरायच्या : ब्रीदर नसलेला बंद गिअरबॉक्स, आउटपुटवर एकामागे एक दोन सील, आणि कमी तापणारी गिअरजोडी. तिसऱ्या गोष्टीसाठी वर्म सोडून हेलिकल-बेव्हल (तिरप्या दातांची आणि शंकूच्या आकाराची गिअरजोडी). ५० ला १ गुणोत्तराच्या वर्मची कार्यक्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास, हेलिकल-बेव्हलची ९४ च्या पुढे. वाया जाणारी शक्ती म्हणजेच ती उष्णता.

११ जानेवारी

आकार ठरवणे. जुनी ०.७५ होती म्हणून नवीही ०.७५ मागवायची, हा मोह सर्वात महाग पडतो. धुलाईच्या मोटरला (पाण्याने धुता येणाऱ्या बंद स्टेनलेस मोटरला) पंखा नसतो, फिन्स नसतात, आणि स्टेनलेसची उष्णता वाहून नेण्याची ताकद ॲल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. त्याच फ्रेममधून पंख्याच्या मोटरच्या जवळपास निम्मीच शक्ती मिळते. ०.७५ मागितली की फ्रेम मोठी, वजन जास्त, किंमत भलतीच, आणि कन्व्हेयरच्या सांगाड्यावर जागा पुरत नाही.

सर्वात जड कन्व्हेयरचा (क्रमांक १, लांबी ६ मीटर) हिशोब :
मॉड्युलर पट्टा, रुंदी ४०० मिमी, वजन मीटरला २.८ किलो, वरची-खालची बाजू धरून ३४ किलो. पनीरचे भरलेले साचे मीटरला ३० किलो, म्हणजे १८० किलो. खालच्या प्लॅस्टिकच्या आधारपट्ट्यांवरील घर्षण ०.३ धरले. ओढ = २१४ × ९.८१ × ०.३ = ६३० न्यूटन. स्प्रॉकेटचा पिच व्यास १३० मिमी, म्हणजे टॉर्क ४१ न्यूटन मीटर. साचे अडून तुंबतात आणि भरल्या पट्ट्यावर सुरुवात होते, त्यासाठी दीडपट : ६१.
वेग मिनिटाला १२ मीटर, म्हणजे शाफ्टचे सुमारे २९ आरपीएम.

०.३७ किलोवॅट आणि ९४ टक्के कार्यक्षमता धरून ९५५० × ०.३७ ÷ २९ × ०.९४ = ११४ न्यूटन मीटर. पुरून उरते. जुनी मोटर वर्मचा तोटा वजा जाऊनही १६० न्यूटन मीटर देत होती. म्हणजे गरज नसताना अडलेला साचा चिरडण्याइतकी ताकद.

हिशोबाची पडताळणी क्लॅम्प मीटरने करू नये. जुनी मोटर भरल्या पट्ट्यावर १.३ अँपिअर दाखवते, रिकाम्यावर १.२. कमी भारावर इंडक्शन मोटरचा करंट मुख्यतः चुंबकीकरणाचा असतो, भार त्यात दिसत नाही. पॉवर मीटर लावला : भरल्यावर ३३० वॅट. पट्ट्याला लागणारे १२६ वॅट, वर्मचा तोटा आणि कमी भारावर चालणाऱ्या मोटरचा तोटा मिळवला की आकडा जुळतो.

सपाट पाचही ठिकाणी ०.३७ एकच मॉडेल. दोन हलक्या कन्व्हेयरना ०.२५ पुरले असते, पण सुटी मोटर एकच ठेवायची असेल तर एवढा फरक चालतो.

१५ जानेवारी

पोलादाची प्रत. धुण्याचे पाणी बोअरवेलचे आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात क्लोराइड लिटरला २८० मिलिग्रॅम. (पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये इष्ट मर्यादा २५०.) त्यात क्लोरीनयुक्त अल्कली फोम आणि शेवटी २०० पीपीएम हायपोक्लोराइट. ३०४ ला (स्टेनलेसच्या साध्या प्रतीला) खड्डे पाडणारी ही परिस्थिती आहे, विशेषतः बॉडी गरम असताना आणि पाणी वाळून क्लोराइड घट्ट होत असताना. ३१६एल घ्यायचे, त्यातील दोन-अडीच टक्के मॉलिब्डेनममुळे खड्डे पडण्याला अटकाव होतो.

पैसे वाचवायचे असतील तर पाण्यात वाचवावेत. शेवटचे विसळणे मऊ, कमी क्लोराइडच्या पाण्याने करण्याची नळजोडणी या कामातच घेतली.

१८ जानेवारी

मागणीपत्रक पक्के.

संरक्षण आयपी ६९ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा). चाचणीत ८० अंशांचे पाणी ८० ते १०० बार दाबाने, मिनिटाला १४ ते १६ लिटर, जवळून मारतात, चार कोनांतून प्रत्येकी ३० सेकंद. ही परीक्षा नव्या, स्थिर मोटरची आहे. तापून थंड होण्याचे शेकडो फेरे त्यात नाहीत, रसायन तर नाहीच. म्हणून प्रमाणपत्रासोबत सीलचे साहित्यही लेखी मागितले. एनबीआर (नायट्राइल रबर) क्लोरीनसमोर कडक होऊन तडकते. एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) तेल आणि उष्णता छान सोसते, पण गरम तीव्र कॉस्टिकमध्ये साधी एफकेएम हळूहळू खराब होते. ईपीडीएम या रबराला कॉस्टिक चालते, तेल चालत नाही. त्यामुळे तेलाच्या बाजूला ती कधीच नको. ठरले ते असे : आत एफकेएम, बाहेर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) ओठ, स्प्रिंग स्टेनलेसची.

तेल : पीएओ (कृत्रिम तेल), दाटपणा व्हीजी २२०, एनएसएफ या संस्थेच्या एच१ नोंदणीचे, कारखान्यातच भरलेले. एच१ म्हणजे अपघाताने अल्प स्पर्श झाला तर चालेल असे वंगण. गळती चालेल असा त्याचा अर्थ काढू नये.

नेमप्लेट चिकटवलेली किंवा रिव्हेट मारलेली नको, बॉडीवर लेसरने कोरलेली. टर्मिनल बॉक्स नको. गोल गुळगुळीत ग्लँड (केबल आत जाते तिथली सीलबंद खोबणी) आणि दहा मीटर केबल जोडलेलीच. इन्सुलेशन वर्ग एफ, वाइंडिंगमध्ये तीन पीटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रोध वाढणारे तापमान संवेदक). वरच्या बाजूला एकही सपाट जागा नको. पाणी ओघळून गेले पाहिजे.

२२ जानेवारी

अर्थिंगवर अडले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत स्थिर मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, आणि निरीक्षक त्या डोळ्यांनी पाहतात. या मोटरला बाहेर अर्थचा बोल्टच नाही. असता तर त्याच्या वॉशरखाली दही बसले असते. तोडगा : एक जोडणी केबलमधील अर्थ कोअर, दुसरी टॉर्क आर्मच्या (गिअरबॉक्स स्वतः फिरू नये म्हणून धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टवरून कन्व्हेयरच्या सांगाड्याला स्टेनलेसची विणलेली पट्टी, सांगाड्यापासून पुढे अर्थ पिटची स्वतंत्र पट्टी. टॉर्क आर्मला रबरी बुश असल्याने त्यातून अर्थ मिळतो असे धरू नये. जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी स्टेनलेसला टेकवायची नाही. ओल्यात जस्त लवकर खपते आणि सांगाड्यावर पांढरे डाग येतात.

१७ मार्च

माल आला. स्वीकृती तपासणी :

चुंबक. एका बॉडीला चुंबक हलकासा ओढला गेला आणि स्टोअरमधून लगेच शंका आली. ओतीव ३१६ मध्ये थोडा फेराइट (लोखंडाची चुंबकीय रचना) ठेवलेलाच असतो, त्यामुळे किंचित ओढ स्वाभाविक आहे. उलट चुंबकाला मुळीच न ओढली जाणारी पत्र्याची बॉडी ३०४ सुद्धा असू शकते. ३०४ आणि ३१६ वेगळे करायचे तर मॉलिब्डेनमची थेंब टेस्ट किंवा एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतील घटक ओळखणारे यंत्र). थेंब टेस्ट सातही बॉड्यांवर, ग्लँडवर आणि बोल्टवर केली. बॉड्या ठीक. एका मोटरचे ग्लँड ३०४ निघाले, पुरवठादाराकडून बदलून घेतले. ग्लँड आणि बोल्ट कुणी तपासत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) ५०० व्होल्ट, तिन्ही फेज एकत्र बांधून अर्थशी : सर्व १०० मेगओहमच्या वर. थर्मिस्टरच्या दोन्ही तारा आधी एकमेकींना आणि अर्थला जोडून घ्यायच्या. त्यांच्यावर ५०० व्होल्ट गेले तर ते मरतात. मल्टिमीटरवर तिघांचा एकत्रित रोध थंड असताना ७५० ओहमच्या आत हवा. मिळाले ते २०० ते ३०० दरम्यान.

तेल. ॲजिटेटरच्या गिअरबॉक्सवर कोरलेली बसवणीची स्थिती आडवी आहे, आमची शाफ्ट खाली. कोरलेले प्रमाण १.१ लिटर, शाफ्ट खालीसाठी माहितीपत्रक १.९ म्हणते. तसाच बसवला असता तर वरचे बेअरिंग कोरडे चालले असते. पुरवठादाराने लेखी सुधारणा दिली, तेल त्याच दर्जाचे भरले.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. आडव्याला जास्त तेल ओतले तर गिअर तेल घुसळतात, तापमान चढते, आणि बंद गिअरबॉक्समध्ये हवेला जागा कमी उरते. १.१ लिटर तेल ६० अंशांनी तापले की साधारण ४५ मिलिलिटर फुगते. हवेची जागा अर्धा लिटर असेल तर हा जवळजवळ दहावा हिस्सा. दाब सीलवर येतो, तेल पाझरते, आणि मग सील खराब म्हणून ती बदलली जाते.

२४ मार्च

क्रमांक १ ते ५ ची बसवणी, पनीर विभाग बंद असताना.

१. शाफ्ट ३१६, व्यास ३० मिमी, मापाची सूट एच६; गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टची सूट एच७. जुन्या शाफ्टवर वर्मने खोबण पाडली होती, म्हणून तीन शाफ्ट नवीन खरादले.
२. शाफ्टवर एच१ दर्जाची असेंब्ली पेस्ट, पातळ पण सर्वत्र. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे चढवले की पकडते. मग काढताना पुलर मोडतो, शाफ्ट निघत नाही.
३. हातोडा नाही. शाफ्टच्या टोकाच्या आट्यात रॉड घालून नटाने ओढून घेतले.
४. दोन्ही टोकांना ओ-रिंगची बंद टोपी. पोकळ शाफ्टमधील फट ही धुलाईतली सर्वात घाण जागा. टोपीशिवाय पाणी आत राहते, आणि पुढच्या शिफ्टला गरम झाले की बाहेर पाझरते.
५. टॉर्क आर्म पट्ट्याच्या ओढीच्या दिशेने, बुश निळ्या रबराचा. बुश दाबून गच्च करायचा नाही. गिअरबॉक्सला थोडे तरंगू दिले नाही तर शाफ्टचा वाकडेपणा थेट बेअरिंगवर येतो.
६. बोल्ट एम ८, ए४-७० (३१६ च्या जातीचे), घुमटाकार नट, आट्यांना एच१ अँटी-सीझ, घट्टपणा १६ न्यूटन मीटर. इम्पॅक्ट गन बंद. वेगाने फिरवलेला स्टेनलेस नट मधेच जाम होतो.
७. न वापरलेली आट्यांची भोके प्लगने बंद.

केबल खालून आत, आत जाण्याआधी एक लोंबता फास, पाणी तिथे ठिबकून जावे म्हणून. जंक्शन बॉक्स ओल्या भिंतीवरून काढून कोरड्या मार्गिकेत नेला. ही खबरदारी कंटाळवाणी वाटते, पण दुसरे टोक ओल्या बॉक्समध्ये असेल तर तारांच्या बारीक धाग्यांमधून पाणी केबलभर चढत मोटरपर्यंत येते, आणि आयपी ६९ ची मोटर आतून ओली सापडते.

२६ मार्च

चढता कन्व्हेयर. इथे वर्म काढण्याची किंमत दिसते.

५० ला १ चा वर्म थांबला की भार बहुधा धरून ठेवतो. हेलिकल-बेव्हल तसे धरत नाही. चढ ३० अंश, लांबी ३.५ मीटर, भार ७० किलो : मागे ओढणारे बल ३४३ न्यूटन. कोरड्या पट्ट्याचे घर्षण त्यातले बरेच खाते, तरी शंभरावर न्यूटन उरतात. पट्टा ओला झाला की घर्षण घटते आणि बाकी वाढते. आपत्कालीन बटण दाबल्यावर ठोकळे मागे येऊन खालच्या कामगाराच्या हातावर पडू शकतात.

पर्याय दोन. स्प्रिंगचा ब्रेक : उष्णता वाढवतो, घर्षणाची धूळ बंद बॉडीत साठते, वेगळी केबल लागते. एकदिश क्लच (बॅकस्टॉप) : मोटरच्या आत बसतो, देखभाल नाही, मात्र पट्टा कधीच उलटा फिरणार नाही. उत्पादन विभागाला उलट फिरवण्याची गरज नाही हे लेखी घेऊन बॅकस्टॉप मागवला होता.

पहिली चाचणी मोटर शाफ्टवर चढवण्याआधी, टेबलावर. ड्राइव्हवरील (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावरील) मोटरची दिशा मुख्य पुरवठ्याच्या फेजक्रमावर ठरत नाही. ती ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या तीन तारांच्या क्रमावर आणि ड्राइव्हच्या आदेशावर ठरते. तारा जुळवल्या, ड्राइव्हमधील रिव्हर्स कायम बंद केला. करंटची मर्यादा खाली ठेवून २ हर्ट्झवर हलवून दिशा पाहिली आणि मग पूर्ण वेग. बॅकस्टॉपविरुद्ध पूर्ण टॉर्क एकदा जरी लागला तरी त्यातले स्प्रॅग (उलट फिरणे अडवणारे छोटे तुकडे) खराब होतात.

२ एप्रिल

ॲजिटेटर. इथे शाफ्टची सील तेलात कायम बुडालेली आणि तिच्या बरोबर खाली दही. म्हणून ड्रायवेल प्रकार : शाफ्टभोवती आतून उभी नळी, तेलाची पातळी तिच्या वरच्या टोकाच्या खाली राहते, आणि खालच्या दोन सीलच्या मधल्या कप्प्याला पारदर्शक निचरा नळी. वरची सील पाझरली तर तेल आधी नळीत दिसते. नळी टाकीच्या बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, रोजच्या तपासयादीत.

४ एप्रिल

तापमान चाचणी. खोली ३१ अंश, पूर्ण भार, तापमान स्थिर होईपर्यंत. बॉडीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर इन्फ्रारेड मोजले; चकचकीत स्टेनलेसवर थेट मोजले तर मीटर भलताच कमी आकडा दाखवतो.

क्रमांक १, २, ३ आणि ५ : ५६ ते ६० अंश. क्रमांक ४ : ७४. भार तोच, ड्राइव्हची मांडणी तीच. कारण तिथे जुन्या मोटरवरचा पत्र्याचा डबा ‘पाणी उडू नये’ म्हणून परत बसवला होता. डबा काढला, ५९ वर आली. या मोटरवर डबा म्हणजे दुहेरी नुकसान : उष्णता अडते आणि आत न धुतली जाणारी जागा तयार होते.

पंखा नसल्याचा एक फायदा इथे मोजता आला. साचे भरताना पट्टा १५ हर्ट्झवर चालतो. पंख्याच्या मोटरचा वारा त्या वेगाला जवळजवळ बंद पडतो. ही मोटर तशीही वाऱ्यावर अवलंबून नाही, तापमान वाढले नाही.

८ एप्रिल

धुलाईची पद्धत नव्याने लिहून लावली.

आधी घन कचरा हाताने आणि रबरी पट्टीने. पहिले विसळणे ४० ते ४५ अंशांच्या पाण्याने. त्याहून गरम पाण्याने प्रथिन पृष्ठभागावर शिजून बसते, गार पाण्याने तूप थिजते. फोम २ ते ३ टक्के, १० ते १५ मिनिटे, वाळू न देता. मग २० ते २५ बारने विसळणे, मोटरच्या सीलवर नोझल रोखून धरायचे नाही. आयपी ६९ आहे म्हणून १०० बार रोज मारायचे नसतात. शेवटी सॅनिटायझर, आणि मऊ पाण्याने विसळणे.

फोम लावताना पट्टे १० हर्ट्झवर चालूच ठेवायचे. पट्टा सगळीकडून धुतला जातो आणि मोटर एकदम गार पडत नाही.

१९ एप्रिल

क्रमांक २ वर तपकिरी ठिपके. ‘३१६ ला गंज आला’ अशी तक्रार. भिंगातून पाहिले : ठिपके पृष्ठभागावर बसलेले, खाली खड्डा नाही. वरच्या पाइपच्या आधाराला मागच्या आठवड्यात ग्राइंडर मारला होता, माइल्ड स्टीलला वापरलेल्याच चाकाने. लोखंडाचे कण गरम बॉडीवर चिकटले आणि ते गंजले. सायट्रिक ॲसिडच्या पेस्टने पुसून, भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा पॅसिव्ह केले (गंज रोखणारा पातळ थर परत आणला). स्टेनलेससाठी ग्राइंडरची चाके आणि वायर ब्रश वेगळे, निळ्या पट्टीने खूण करून. स्टील वूल आणि लोखंडी ब्रश विभागाबाहेर.

२ जून

तेल नमुने, सातही. क्रमांक १ ते ५ आणि चढता : स्वच्छ. गरम तव्यावर थेंब टाकून पाहिला; पाणी असते तर चरचरला असता, चरचर आली नाही. ॲजिटेटरची निचरा नळी कोरडी.

सुट्या भागांत ठेवले : ०.३७ ची एक पूर्ण गिअर मोटर, दोन सील संच, पोकळ शाफ्टच्या टोप्या आणि ओ-रिंग चार जोड, घुमटाकार नट, एच१ पेस्टची एक नळी. सील जागेवर बदलायची नाही. मोटर काढून कोरड्या टेबलावर, आणि नवी सील जुन्या ओठाच्या खुणेपासून दोन-तीन मिमी सरकवून बसवायची. पुढचा तेल नमुना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.